परकारभाईंना हवा एक वाचक

आमच्या ऑफिसात बिर्याणीच्या डब्यात थेट चमचा खुपसायची सोय नाही. परकारभाई हात धरतात. "ताई, थर बिघडतील! आधी वरचा कांदा, मग भात, मग मटण. वरून खाली, सावकाश." एकदा मी वैतागून चमचा तळापर्यंत घातला, तर माणूस डोकं धरून बसला. 

हनीफ परकार मूळचे दापोलीकडचे, आमच्या शारजातल्या कंपनीचे पुरातत्त्ववाले. इकडे गोदाम, रस्ता काही बांधायचं, तर बऱ्याच ठिकाणी आधी जमिनीखाली जुनंपुराणं काही नाही ना, ते तपासून घ्यावं लागतं. ते काम आमची कंपनी पैसे घेऊन करते. परकारभाई खणतात आणि लिहितात. मी प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर, म्हणजे क्लायंटच्या शिव्या खाते.

क्लायंटला हवी असते एकच ओळ: काम सुरू करायला हरकत नाही. तीन पानांत उरकेल असं काम. परकारभाई एकशे चाळीस पानं लिहितात. मातीचा रंग, खापराची जाडी, त्या दिवशी वारा कुठून होता, सगळं! एक प्रत क्लायंटला, एक सरकारी दफ्तरात. मी कपाळाला हात लावते.

"अहो भाई, हे वाचणार कोण?"

"इन्शाल्ला, वाचेल कोणीतरी. बिल्डिंग त्यांची, खड्डा माझा. आणि खड्डा एकदाच उघडतो, ताई."

अल ऐनजवळच्या एका गोदामाच्या साइटवर तर त्यांनी कहरच केला. सापडलं काय? सोनं नाही, नाणं नाही. एक विझलेली चूल, मूठभर राख आणि खजुराच्या जळक्या बिया. तिकडे क्लायंटचा इंजिनिअर मला फोनवर ओरडतोय, "मॅडम, यल्ला, खलास करो!" आणि इकडे हे महाशय चुलीपाशी मांडी घालून एकेक बी चिमट्याने उचलतायत. जेसीबीवाला पठाण तीनदा येऊन विचारून गेला, "भाईसाब, चाय बना रहे हो क्या?" दोन दिवस गेले. माझ्या वेळापत्रकाचे तीन तेरा वाजले.

पुण्यात अर्धवट राहिलेली पीएच.डी. त्यांना फार सलते. एकदा एका परिषदेत चहा पिताना एक प्राध्यापक त्यांना हसत म्हणाले, "तुम्ही ठेकेदारांची माणसं. संशोधनाला तुमच्या कागदांचा काय उपयोग?" परतताना गाडीत मी एकटीच बडबडत होते. शारजातला रोल्ला भाग आल्यावर गाडीतून उतरता उतरता भाई म्हणाले, "काम घाईचं असेल ताई, पण माती खोटी नसते ना!" मला त्या प्राध्यापकाचा असा राग आला!

त्यात यंदा मॅनेजरने फर्मान काढलं. यापुढे रिपोर्ट दहा पानांचा, बाकीचं लिहायचंच नाही. परकारभाई कधी नव्हे ते भांडले. मॅनेजर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमचा एक वाचक दाखवा. मग लिहा पाचशे पानं."

झालं! रोज सकाळी भाई माझ्या टेबलाशी हजर. "काही मेल?" मी नाही म्हणायची. "बरं बरं," म्हणून जायचे. पुढे पुढे मलाच त्यांच्याकडे बघवेना.

महिना संपायला दोन दिवस असताना मेल आला. अल ऐनच्या एका विद्यार्थिनीला गोदामवाल्या रिपोर्टात चूक सापडली होती आणि ती भेटायला येणार होती. घ्या! एक वाचक मिळाला, तोही चूक काढणारा. 

ती आली. अंगात पायघोळ काळा अबाया, हातात एकशे चाळीस पानांचा गठ्ठा, त्यातून डोकावणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या. मॅनेजरही येऊन बसले. ती हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "सर, तक्त्यात चूल चौथ्या थरात आहे आणि चित्रात पाचव्या. माझा सगळा प्रबंध त्या बियांवर उभा आहे. तिथे आता गोदाम आहे, मला जाऊन बघता येत नाही. ती चूल आता फक्त तुमच्या रिपोर्टातच उरलीय. खरं कोणतं?"

परकारभाईंनी पान नीट बघितलं. "पाचवा. तक्ता चुकला. मी चुकलो."

मॅनेजरनी त्या चिठ्ठ्यांकडे बघितलं, मग भाईंकडे. "लिहा बाबा, लिहा," म्हणाले आणि उठून गेले.

भाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. डोळे भरून वाहत होते आणि चेहरा हसत होता. त्या भरात ते तिच्याशी चक्क मराठीतच बोलू लागले. "बाळा, बारा वर्षं लिहितोय मी. आजवर माझी एक चूक कुणी काढली नव्हती गं. आणखी कुठे चुकलोय, सांग ना."

ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. 

"आणखी अकरा आहेत, सर," ती ओशाळून म्हणाली.

"अकरा!" परकारभाई ताडकन उठले. "ताई, ऐकलंत ना? अकरा! शेवटपर्यंत वाचलंय पोरीने!"