एकदाच विचारणारं गाव

सईने विचारलं ते एकदाच, आणि तेही डिशवॉशरमध्ये ताटं लावता लावता.

"बाबा, डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही चार फॅमिलीज ब्युनोस आयर्सला चाललोय. तुम्ही आणि आई येताय का?"

दिगंबरराव सबनिसांनी टॅबलेटवरच्या पेपरातून डोकं वर काढलं आणि अशा वेळी घरंदाज माणसाने जे म्हणायचं तेच म्हटलं. "छे, आम्ही कशाला? तुम्ही तरुण मंडळी जा. आमचं लोढणं कशाला गळ्यात?"

"ओके बाबा," म्हणत सुनेने डिशवॉशरचं बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवशी तिकिटं काढून मोकळी झाली.

दिगंबरराव अवाक झाले. त्यांच्या हिशेबाने या प्रकाराला तीन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीला आपण "छे" म्हणायचं. दुसऱ्या फेरीला मुलाने, म्हणजे निमिषने, "असं काय करता बाबा" म्हणायचं, तेव्हा आपण गुडघ्यांचा विषय काढायचा. तिसऱ्या फेरीला दोघांनी मिळून "तुम्ही नसाल तर आम्हालाही मजा नाही" म्हणायचं, आणि मग आपण "एवढं म्हणताय तर बघू" म्हणून बॅग काढायची. पुण्यात त्यांचं सगळं आयुष्य याच पद्धतीने गेलं होतं. जिलबीसुद्धा ते तिसऱ्या आग्रहाशिवाय ताटात पडू देत नसत. आता अमेरिकेत, मॉरिसव्हिलला मुलाकडे कायमचं राहायला येऊन तीन वर्षं झाली, तरी इथे पहिल्याच नकाराला लोक खरं मानतात हे काही त्यांच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

आणि त्यांना जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, ते गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. चौतीस वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, पुण्याच्या पंप कंपनीने त्यांना याच ब्युनोस आयर्सला सात आठवडे पाठवलं होतं. वय पस्तीस, जुलैतली थंडी, अंगात बायकोने विणलेला स्वेटर. त्या सात आठवड्यांवर त्यांनी पुढची चौतीस वर्षं काढली. लग्नकार्यात, कंपनीच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही विषय निघो, गाडी शेवटी ब्युनोस आयर्सला जाऊन थांबायची. ते गाव पुन्हा एकदा बघावं, तिथल्या सकाळचा पावाचा वास घ्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. आता घरातली माणसं तिथे निघाली होती आणि हे मागे घर सांभाळणार होते.

त्यातून सईने त्यांना एक काम सांगितलं. चार घरांत तिकडे जाऊन आलेले ते एकटेच. तेव्हा रविवारी सगळे जेवायला जमतील, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय काय लक्षात ठेवावं ते बाबांनी सांगावं. आता ही विनंतीसुद्धा तिने एकदाच केली, पण यावेळी दिगंबररावांनी धोका पत्करला नाही. ते लगेच हो म्हणाले.

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले. समोर कुश आणि उत्तरा, शरयू आणि तिचा नवरा, अंकुरचं कुटुंब, मुलं जिन्यावर. सुरुवात झकास झाली. आपल्या थंडीत तिकडे कडक उन्हाळा असतो, तेव्हा जाकिटं नेऊ नका. रात्रीचं जेवण नऊ-दहाशिवाय मिळत नाही, तेव्हा चार वाजता पोटाला आधार करून ठेवा. मधला मोठा रस्ता इतका रुंद आहे की एका सिग्नलमध्ये ओलांडता येत नाही, मध्येच थांबावं लागलं तर लाजू नका. फुटपाथवरची फरशी सैल असेल तर पाऊस पडून गेल्यावर तिच्यावर पाय देऊ नका, खालचं पाणी थेट गुडघ्यापर्यंत उडतं. पिशवी पाठीवर नाही, पोटावर. आणि भेटल्यावर बायका गालाला गाल लावून नमस्कार करतात, तेव्हा दचकू नका, मागे सरू नका.

"तुम्हाला कोणी केला तसा नमस्कार?" त्यांच्या बायकोने, अहिल्याबाईंनी, स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

दिगंबररावांनी घसा साफ केला. ऑफिसातल्या हिशेबनीस बाई रोज सकाळी करायच्या, असं त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितलं.

"पत्रात नव्हतं लिहिलंत," अहिल्याबाई म्हणाल्या आणि पोळ्या आणायला आत गेल्या.

इथेच भाषण संपलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण कुशने विचारलं, "काका, माणसं कशी आहेत तिकडची?" आणि चौतीस वर्षं ठसठसणारी जखम उघडी पडली.

दिगंबरराव म्हणाले, माणसं वाईट नाहीत, पण आग्रह म्हणून ठाऊक नाही. मग त्यांनी मातेची गोष्ट सांगितली. माते म्हणजे तिकडचा चहा, हिरवट आणि कडूजहर. एका लहानशा भोपळ्याच्या कपात पाला भरायचा, वर गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. कप एक, नळी एक, आणि सगळ्यांनी पाळीपाळीने त्याच नळीला तोंड लावायचं. उष्टं-बिष्टं काही नाही. कारखान्यातला फोरमन ओस्वाल्दो हा कप भरून द्यायचा. पहिल्या दिवशी त्याने कप पुढे केला. दिगंबररावांनी डोळे मिटून, औषध घ्यावं तसा संपवला, हात जोडून आभार मानले आणि मान हलवून कप परत केला. आता ओस्वाल्दो "घ्या हो अजून" म्हणेल, आपण "नको नको" म्हणू, मग तो पुन्हा म्हणेल, अशी त्यांची तयारी होती. पण पुढच्या फेरीला कप त्यांच्या नाकासमोरून शेजारच्याकडे गेला. दुसऱ्या दिवशीही तसाच गेला. सात आठवडे सगळे गोल बसून पीत होते आणि दिगंबरराव मध्ये वाळीत टाकल्यासारखे हात चोळत बसले होते.

"एकदा विचारतात. दुसऱ्यांदा विचारत नाहीत," ते म्हणाले. बोलताना नजर मात्र सईकडे होती. मग जिभेला धार चढली. तिकडे घरोघर मांस, शाकाहारी माणसाने एकदा नको म्हटलं की तो उपाशीच, विचारायला कुत्रं येत नाही, तेव्हा आपलं खाणं आपण बरोबर न्यावं हे बरं.

सोमवारी उत्तराने व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी चिवडा आणायचा आणि कोणी लाडू, याची यादी टाकली. मंगळवारी यादीत मेतकूट, गुळपापडी आणि तीन किलो तांदूळ आले. बुधवारी कोणीतरी विचारलं की तांदूळ शिजवणार कशात, तेव्हा कुकर आला. कुकर आला म्हणून एक जादा बॅग आली. गुरुवारी शरयूने भाड्याने घेतलेल्या घराचे फोटो नीट पाहिले, तर शेगडीला दोनच बर्नर निघाले. चौदा माणसांचा स्वयंपाक दोन बर्नरवर कोणी करायचा यावरून रुसवेफुगवे झाले. शुक्रवारी शरयूने लिहिलं की तिकडे जाऊन कुकरच लावायचा तर मॉरिसव्हिल काय वाईट आहे, आम्ही फ्लोरिडाला माझ्या बहिणीकडे जातो. रात्रीपर्यंत उत्तराही डळमळू लागली. दोन घरं गळाली तर सहल बारगळणार होती.

"बाबा, तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?" निमिषने विचारलं.

"जे पाहिलं ते," दिगंबरराव म्हणाले. पण पानातली पोळी ते नुसती कुस्करत राहिले. सई वर्षभर या सहलीच्या मागे होती, ऑफिसच्या डबा खाण्याच्या वेळात स्पॅनिश शिकत होती, हे त्यांना माहीत होतं. ती त्यांना एका शब्दाने बोलली नाही. नेहमीसारखी त्यांची बीपीची गोळी ताटाशेजारी ठेवून गेली, आणि त्यामुळे त्यांना जास्तच लागलं.

शनिवारी सकाळी सईने शेवटचा उपाय केला. तिच्या ऑफिसातली मार्सेला अस्सल ब्युनोस आयर्सची. तिला तिने घरी बोलावलं आणि उत्तरा-कुशलाही. लोकांच्या शंका तिच्याच तोंडून फिटू देत, असा तिचा बेत होता. मार्सेला पन्नाशीची, हसरी बाई. तिने आल्या आल्या अहिल्याबाईंच्या गालाला गाल लावला. अहिल्याबाई मागे सरल्या नाहीत. नंतर दिगंबररावांची पाळी आली तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तो नमस्कार स्वीकारला.

मग मार्सेलाने पिशवीतून थर्मास काढला, आणि भोपळ्याचा कप, आणि नळी.

पाल्यावर गरम पाणी पडलं आणि तो वास आला. ओल्या गवतासारखा, जरा धुरकट. दिगंबररावांना एकदम सगळं दिसलं. पत्र्याच्या छपराखालचा टेस्टिंगचा हॉल, सकाळचं कोवळं ऊन, तोंडातून निघणारी वाफ, आणि ओस्वाल्दो, त्याची मोडकी खुर्ची, डाव्या हाताचं अर्धं बोट. घरची पत्रं तीन-तीन आठवड्यांनी पोचायची. स्पॅनिशचे चार शब्द येत होते. दिवसभरात माणसांत बसायचं म्हणजे तो एक घोळका होता, आणि त्यात कप पुढून निघून गेला की ते बुटाची नाडी पुन्हा बांधायला वाकायचे. त्या रविवारी सोफ्यावर बसून त्यांनी राग सांगितला होता, पण तिथे त्यांना राग आला नव्हता. तिथे त्यांना रडू येत होतं.

सगळे गोल बसले. उत्तराने नळीकडे बघून आवंढा गिळला, पण प्यायली. कुशने पाणी पितात तसं वरून पिण्याचा प्रयत्न केला आणि हनुवटी भाजून घेतली. अहिल्याबाईंनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागून एक घोट घेतला. मग सईने हसत हसत मार्सेलाला बाबांची गोष्ट इंग्रजीत सांगितली. हात जोडले होते, आभार मानले होते, सगळं सांगितलं.

मार्सेला हसली नाही. तिने कप खाली ठेवला आणि काहीतरी बोलली. सईने सासऱ्यांकडे वळून ते हळूच मराठीत सांगितलं. "बाबा, ती म्हणतेय, कप परत देताना आभार मानले की माझं झालं, मला आता नको, असा रिवाज आहे. त्यानंतर पुन्हा देणं म्हणजे जबरदस्ती, तो पाहुण्याचा अपमान. तुम्ही नुसता कप परत द्यायचा होता. त्यांना वाटलं असेल, तुम्हाला आवडलं नाही."

सगळे हसले. उत्तराला तर ठसका लागला. कुकरचा विषय त्या हसण्यातच वाहून गेला.

दिगंबररावांना मात्र निघायचा दिवस आठवत होता. ओस्वाल्दो बसपर्यंत सोडायला आला होता. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात कोंबलं, मुठीएवढं, गोल, मार्सेलाच्या कपासारखं. यांनी गाल फुगवूनच ते घेतलं आणि विमानतळावरच्या बाकावर, न उघडता, तसंच ठेवून दिलं. चौतीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. आताही सांगितली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो चांगला स्वच्छ असूनही पुन्हा पुसला.

सई त्यांच्याकडे बघत होती. मुलगी हुशार. "बाबा," ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये मी विचारलं तेव्हा तुम्ही 'आम्ही कशाला' म्हणालात. ते..."

दिगंबररावांनी नजर खिडकीबाहेर नेली.

"शरयूच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्यात," सई म्हणाली. "येताय?"

"छे" हा शब्द अगदी जिभेवर येऊन उभा राहिला. एकोणसत्तर वर्षांची सवय. तो त्यांनी कसाबसा गिळला. भर बैठकीत अंगातला शर्ट काढून उभं राहावं तसं त्यांना वाटलं.

"येतो," ते म्हणाले. "मला यायचंय."

सईने फोन उघडला. "आणि आई, तुम्ही?"

"मी कशाला?" अहिल्याबाई टेबलावरच्या बशा एकात एक घालत म्हणाल्या. "यांना जाऊ दे. मी राहीन इथे, झाडांना पाणी कोण घालणार?"

"नक्की? ओके," म्हणून सई एकच नाव टाइप करू लागली.

दिगंबरराव बायकोच्या हातांकडे बघत राहिले. बशा सरळ होत्या, तरी त्या पुन्हा सरळ करत होत्या. एक्क्याण्णवच्या जूनमध्ये याच हातांनी त्यांचा स्वेटर बॅगेत घडी करून ठेवला होता. कंपनी राहायला दोन माणसांची जागा देत होती, लहानग्या निमिषला सांभाळायला सासूबाई तयार होत्या. "येतेस का?" असं दिगंबररावांनी विचारलं होतं. "मी कशाला?" असं अहिल्याबाई म्हणाल्या होत्या. मग यांनी "बरं" म्हटलं होतं आणि बॅगेची चेन ओढली होती. पुढे चौतीस वर्षं ते भेटेल त्याला सांगत हिंडले की तिकडची माणसं एकदाच विचारतात.

"सई, दोन कर," ते म्हणाले.

"पण आई नको म्हणाल्या ना."

"तिला अजून दोनदा विचारायचंय. ते मी विचारतो." ते बायकोकडे वळले. चारचौघांत असं कधी बोलले नव्हते, त्यामुळे आवाज जरा चिरकला. "अगं, चल ना."

ही दुसरीच फेरी होती. पण अहिल्याबाईंनी तिसरीची वाट पाहिली नाही.

"सई," त्या म्हणाल्या, "मला खिडकीची सीट बघ."