सध्याचा मुक्काम: आशिया

सगळं झालं ते नोकरीच्या ऑनलाइन फॉर्ममधल्या एका रकान्यामुळे. सध्या तुम्ही कुठून काम करता, असं विचारलं होतं. मी डहाणूच लिहिणार होतो, पहिलं अक्षर टाईपसुद्धा झालं होतं. मग वाटलं, हॉलंडात बसलेल्या माणसाला डहाणू काय कळणार? म्हणून ते खोडलं आणि लिहिलं, आशिया. शेजारी एक चौकोन होता, 'फिरतीवर'. त्यालाही टिक करून टाकलं.

आता यात खोटं काय, ते मला कुणीही सांगावं. डहाणू आशियात आहे. मी घरून, मसोलीहून, डहाणू स्टेशनपर्यंत रोज जाऊन येतो. फिरती म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

ही २०१८ सालची गोष्ट. तोवर मी, देवेश काशीनाथ सावे, एका शाळेच्या ऑफिसात अकरा वर्षं क्लार्क होतो. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर एक लेख वाचला. लॅपटॉप घेऊन आशियाभर हिंडत काम करणाऱ्या लोकांबद्दल होता. आज बाली, पुढच्या महिन्यात थायलंड. फोटोतल्या माणसाच्या मागे समुद्र होता, माड होते आणि एक कुत्रं होतं. मी संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन पाहिलं. समुद्र, माड, कुत्रं. (कुत्री खरं तर चार होती.) ज्यासाठी लोक दोन दोन विमानं बदलतात ते सगळं आमच्याकडे घरापासून दहा मिनिटांवर, आणि मी मात्र बोनाफाईड सर्टिफिकेटवर शिक्के मारतोय. महिनाभरात राजीनामा दिला.

काम मिळालं ते या अशाच हिंडणाऱ्या मंडळींना आशियात खोल्या मिळवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत. तीन महिने तात्पुरतं, मग बघू. त्यांच्या तक्रारी आल्या की मी चॅटवर उत्तर द्यायचं, आणि रोज दुपारी हॉलंडच्या ऑफिसला कॉलवर हजेरी द्यायची. दहातल्या नऊ तक्रारी वायफायच्या. व्हिएतनाममधल्या माणसाला मी मसोलीहून सांगायचो, राऊटर एकदा बंद करून चालू करा. तो करायचा आणि आभार मानायचा. अकरा वर्षांत शाळेत कुणी माझे आभार मानल्याचं आठवत नाही.

घरी मात्र वेगळंच. माझे वडील, काशीनाथराव, रेल्वेतून रिटायर्ड. उभा जन्म तिकिटाच्या खिडकीमागे गेला, त्यामुळे प्रश्न थोडक्यात विचारतात.

"दिवसा घरी असतो तो माणूस एक तर आजारी, नाहीतर सस्पेंड. तू कोण?"

"मी रिमोट वर्कर आहे, अण्णा."

"म्हणजे सस्पेंड," अण्णा म्हणाले.

शेजारच्या वसुमतीकाकूंचा आजारपणावर विश्वास होता. त्या रोज वाटीभर मऊ भात आणून द्यायच्या. मी आजारी नाही, असं सांगितलं की "कुणालाच नसतं वाटत रे," म्हणायच्या आणि वाटी ठेवून जायच्या. मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, बोला काय बोलायचं ते, मी परत त्या खुर्चीवर बसणार नाही. (भात मात्र खायचो. त्यात तूप असायचं.)

बायको, श्रुतिका, तलासरीच्या पलीकडे एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका.  ती एकदाच म्हणाली, "फिरतीवर आहात ना, मग फिरता फिरता दळण आणा."

तीन महिने संपत आले तशी कंपनीच्या मालकीणबाईंची मेल आली. त्यांचं नाव मरायका. शुक्रवारी दुपारी तीनला सगळ्यांची व्हिडिओ मीटिंग, प्रत्येकाने आपण आज आशियात कुठे आहोत ते दाखवायचं, आणि त्यानंतर कुणाला कायम करायचं ते ठरणार. मी किनाऱ्यावरचा एक माड हेरून ठेवला. नवा शर्ट इस्त्री करून घेतला.

शुक्रवारी सकाळी डहाणूची वीज गेली. थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही गेला. बाजारात चौकशी केली, तर संध्याकाळपर्यंत काही नाही असं सगळ्यांचं एकमत होतं.

श्रुतिका बसला निघालीच होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "आमच्या पाड्याच्या टेकडीवर एक खडक आहे. तिथे गुजरातच्या टॉवरची रेंज येते. सगळा पाडा तिथूनच फोन करतो. चला."

मी निघालो. तलासरीला उतरून पुढे जीपने, मग पायी. दोन वाजेपर्यंत शाळेच्या ओट्यावर बसलो आणि मग टेकडी चढलो. वर पोचताच मोबाईल वाजला. गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे, असा मेसेज होता. मला भरून आलं. नोकरी सोडल्यापासून मी ओलांडलेली ही पहिली सरहद्द. (तीही मी नव्हे, मोबाईलनेच ओलांडली होती.)

पण खडकासाठी नंबर लागले होते. माथ्यावर एका माणसापुरतीच जागा, आणि रेंज फक्त तिथेच. खाली सावलीत पाचसहा जण आपापला फोन घेऊन बसले होते. माथ्यावर रूपी नावाची बाई बोलत होती. नंबर सांभाळायला धाकल्या नावाचे एक वयस्क गृहस्थ.

"तीन वाजता माझी मीटिंग आहे," मी म्हणालो. "परदेशातली."

"मग सकाळी यायचं होतं," धाकल्या शांतपणे म्हणाले. "तुमचा सातवा."

"अहो, माझी नोकरी आहे यावर."

"हिचा नवरा बोटीवर आहे. बोट चार वाजता सुटणार. मग पंधरा दिवस त्याचा आवाज नाय. तुम्हीच सांगा, कोणाला उतरवू?"

 मी सातव्या नंबरला जाऊन बसलो. शाळा त्या दिवशी लवकर सुटली, तशी श्रुतिकाही वर आली. तीनला पाच मिनिटं असताना वरून रूपीनेच हाक मारली. "बाईंच्या घरच्यांना येऊ दे. मी बसून बोलते, ते माझ्यामागं उभे राहतील." धाकल्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी हरकत घेतली नाही.

तर अशा प्रकारे, एका पायावर, नवा शर्ट घालून, मी आंतरराष्ट्रीय मीटिंगला हजर झालो. पायाशी रूपी नवऱ्याला विचारत होती, जेवला का, अंगावर घ्यायला आहे का. स्क्रीनवर मरायकाबाई दिसल्या. माझ्यामागे हिरवी टेकडी, खाली कौलारू घरं, बसलेली माणसं. बाई खूष झाल्या. ही कुठली जागा, म्हणाल्या.

"आशिया," मी म्हणालो.

बाई हसल्या. ती सगळी मंडळी कोण, तीही कामासाठी फिरतात का, असं त्यांनी विचारलं. फोन स्पीकरवर होता; श्रुतिकाने खालून ते धाकल्यांना मराठीत सांगितलं.

"फिरतो ना," धाकल्या म्हणाले. "चार वर्षं बोटीवर होतो, ओख्याला. मग भिवंडीला वीटभट्टी. वसईला रेती. वापीला कंपनीत. दरवर्षी गवत कापायला जायचो ते वेगळंच."

श्रुतिकाने ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी डोळे मोठे केले आणि विचारलं, मग देवेश तुमच्यापेक्षा जास्त फिरतात की कमी?

"हे?" धाकल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कुठं फिरतात? हे डहाणूचे. आता बाईंसोबत शेवटच्या एसटीने घरी जातील."

मी श्रुतिकाकडे पाहिलं. "जरा वेगळं सांग," हळूच म्हणालो.

"पोरांच्या आईबापांसमोर मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. आणि तिने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला.

माझ्या आत काहीतरी तटकन तुटलं. इतके दिवस अण्णांचं ऐकलं, काकूंचा भात खाल्ला. आता पुरे. मी मोबाईल तोंडासमोर धरला आणि इंग्रजीत बोलू लागलो. होय, मी डहाणूला राहतो. वडील, बायको आणि मी. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. नकाशा काढा, डहाणू आशियात नसेल तर आत्ता राजीनामा देतो. तीन महिन्यांत माझ्याविरुद्ध एक तक्रार दाखवा. माणूस कुठे बसलाय ते बघू नका, काय करतोय ते बघा. ज्यांना खरं फिरावं लागतं ती माणसं इथे खाली बसली आहेत, त्यांना विचारा फिरण्यात किती मजा असते ते. असा मी सात मिनिटं बोललो. आयुष्यात इतकं चांगलं इंग्रजी माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. शेवटी आवाजही चढला होता.

थांबलो आणि मोबाईल खाली घेतला.

"तुमचा फोन कधीच गेला," पायाशी बसलेली रूपी म्हणाली. तिचं बोलणं आटोपलं होतं. "धाकल्याबाबा बोलत होते ना, तेव्हाच. ती बाई तोंड उघडं ठेवून थांबली ती थांबलीच."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही रंगात आले होते."

खाली धाकल्या श्रुतिकाला विचारत होते, "कोणाला रागे भरत होते एवढं?"

"कोणाला नाही," श्रुतिका म्हणाली. "दुपारी जेवले नाहीत."

परतीच्या एसटीत मी ठरवलं. जे बोललो ते कुणी ऐकलं नाही म्हणून माघार घ्यायची नाही. श्रुतिका म्हणाली, "लिहाच. मी स्पेलिंग बघते." घरी येईपर्यंत वीज आली होती. सगळं भाषण जसंच्या तसं लिहून काढलं, पासपोर्टसकट, आणि पाठवून दिलं. ठेवायचं तर ठेवा, नाहीतर काढा.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. श्रुतिकाने मोठ्याने वाचलं आणि अण्णांना मराठीत सांगितलं. मरायकाबाईंनी मला कायम केलं होतं. पुढे त्यांनी लिहिलं होतं की मी एकाच घरात बसून काम करतो हे त्यांना पहिल्याच महिन्यात समजलं होतं. दर कॉलला, त्यांच्या घड्याळात बरोबर साडेदहा वाजता, माझ्यामागे एक वयस्कर माणूस तेच एक वाक्य मोठ्याने म्हणतो. सुरुवातीला त्यांना ती कुठल्यातरी आश्रमातली प्रार्थना वाटली. ऐकून ऐकून ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं. शेवटी एका मराठी मुलीकडून अर्थ विचारून घेतला.

ते वाक्य बाईंनी जसं ऐकलं तसं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. श्रुतिकाने अडखळत वाचलं, "देव्या, टाकी वाहतेय, मोटार बंद कर गाढवा."

 मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"मग?" ते म्हणाले. "टाकी वाहत नव्हती का?"