हिराजीच्या दहाव्याला आलेलं जहाज

हिराजी चोगले ज्या जहाजाखाली गेला, ते जहाज त्याच्या दहाव्याला आलं, आणि येताना कंपनीचे जनसंपर्क अधिकारी रेगे यांना सोबत घेऊन आलं. भरती धरून ते खाडीत शिरलं आणि घाटापाशी, कुणाच्या अंगावर सावली पडणार नाही अशा बेताने मागे उभं राहिलं. दहाव्याला कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं आणि आलेल्याला का आलात म्हणून विचारायचं नसतं. बायकांनी पदर सावरून थोडी जागा करून दिली, एवढंच.

मी या गावच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. हिराजी माझा विद्यार्थी. व्याकरणात दगड, पण पाण्यावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या होडीवर दिवा नव्हता म्हणून अपघात झाला, असं कंपनीने पेपरात दिलं होतं. ते वाचून माझं डोकं फिरलं होतं. बिनदिव्याचा नाखवा ही आमच्याकडे शिवी आहे. त्याची बायको यमुना नवऱ्यासाठी जेवढी रडली, तेवढीच त्या दिव्यासाठी रडली.

हिराजीला मूलबाळ नव्हतं. पुतण्या दामोदरने पिंड मांडले आणि सगळे मागे सरले. कावळा लगेच आला. पिंडापासून हातभरावर बसला आणि बसूनच राहिला.

"काय राहिलंय त्याचं मनात, बोला," भटजी म्हणाले.

दामोदरने काकीला सांभाळायचा शब्द दिला. भावकीने बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. कावळा ढिम्म. पिंडाला कावळा शिवत नाही तोवर माणूस सुटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यमुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी बोलून पाहू का?" रेगे पुढे आले. रेगे कडक इस्त्रीचे आणि मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी कावळ्याला नमस्कार केला आणि खिशातून निवेदन काढलं. "नियोजित मार्गावर असताना दुर्दैवी धडक झाली. या दुःखद प्रसंगी कंपनी चोगले कुटुंबासोबत आहे."

कावळ्याने निवेदन पूर्ण ऐकून घेतलं. मग दगडावर चोच घासली.

मला राहवेना. "रेगेसाहेब, 'धडक झाली' या वाक्यात कर्ता कोण?"

"कोण?"

"धडक. म्हणजे धडकच आली, धडकच झाली आणि धडकच निघून गेली."

"तसंच पसंत करतात वरती," रेगे सरळपणाने म्हणाले. त्यांनी मग 'खेद' घालून पाहिला, नंतर 'तीव्र खेद' घातला. कावळ्याने पाठ फिरवली.

ऊन चढलं तसा भटजींनी शेवटचा उपाय काढला. ते दर्भाचा कावळा करायला बसले. खरा शिवला नाही, तर दर्भाचा करून शिववतात, शास्त्राला ते चालतं. दर्भाचा कावळा कुठल्याही पिंडाला शिवतो, त्याला स्वतःचं मत नसतं. रेग्यांना तो फार आवडला. असे आणखी काही करून मिळतील का, हेही त्यांनी हळूच विचारून घेतलं.

"गवताचा कावला नको," यमुना म्हणाली. "माजा घोव गवतावर सुटाचा नाय."

तेव्हा मागून जहाज म्हणालं, "मी बोलू?"

रेगे दचकले. "निवेदन दिलंय आपण."

"ते कंपनीचं झालं," जहाज म्हणालं. कप्तान त्याच आठवड्यात दुसरीकडे बदलून गेला होता, तेव्हा धडकेला हजर असलेलं असं आता तेच एकटं उरलं होतं. त्याने सुरुवात केली, "मी धडक..." आणि ते अडलं. मग माझ्याकडे वळून म्हणालं, "गुरुजी, धडकलो म्हणू की धडकले?"

प्रश्न बिनतोड होता. पुरुष धडकलो म्हणतो, बाई धडकले म्हणते. जहाज नपुंसकलिंगी. मी घाईघाईने "धडकलं" सुचवलं. जहाजाने ते तोंडात घोळवून पाहिलं आणि म्हणालं, "हे दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्यासारखं वाटतं." खरंच वाटत होतं. आयुष्यभर मराठी शिकवून मला एवढं एक रूप देता येईना, याची लाज वाटली.

रेग्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे भाषेतच सोय नाही. हा तांत्रिक मुद्दा आपण नोंदवून ठेवू."

यमुना उठली. घाटाच्या पायऱ्या उतरून जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, नाळेपुढे, गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तिला लिंगाशी काही देणंघेणं नव्हतं.

"मना सांग. दिवा व्हता का नव्हता?"

"होता."

"कोनी बघला?"

"मी पाहिला."

"मंग होरी कोनी बुरवली?"

"होडी मी बुडवली," जहाज म्हणालं. "वळायला जागा होती. मी आळस केला. हिराजीला मी मारलं."

मी कान टवकारून ऐकत होतो. दिवा पाहिला, होडी बुडवली, आळस केला. क्रियापद गेलं दिव्यामागे, होडीमागे, आळसामागे. बोलणारा पुरुष की बाई की जहाज, हे कुणी विचारतच नाही, आणि तरी करणारा वाक्यातून सुटत नाही. मराठीत सोय होती. माझ्या मनावरचं मणभर ओझं उतरलं.

रेग्यांनी वाक्यात फट शोधली. ओठ हलवत दोनदा शोधली. "हे छापायचं?" त्यांनी विचारलं.

"छापा," जहाज म्हणालं. "दिव्याचं आधी."

कावळा वळला, टुणटुण उड्या मारत आला आणि पिंडाला शिवला. नुसता शिवला नाही, चांगला भात उचलून घेऊन गेला. बायका रडल्या, पण ते बरं वाटून रडणं होतं. रेग्यांनी कुणी न सांगता पायातले बूट काढले आणि पाण्यात पाय घालून बसले. मला तो माणूस पहिल्यांदाच आवडला.

दहाव्याहून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. जहाजाला ते ठाऊक असावं. काही न बोलता ते मागे सरू लागलं.

"तेराव्याला ये," यमुना म्हणाली. "गोराधोराचं जेवन हाय."

"मी जेवत नाही."

"मंग काय घेतंस?"

"डिझेल."

यमुनेने थोडा विचार केला. "त्याच्या होरीचं अर्धं पिंप रायलंय घरान," ती म्हणाली. "कोनाला द्याचं म्हनून तसंच ठेवलंय."

तेराव्याला जहाज आलं. पंगतीच्या शेवटी थांबलं. त्याला वाढायला यमुना स्वतः उठली.