गोमाजी कोल्ह्याची कोरडी डबी

एका जंगलात सिंह नव्हता. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर गोष्ट रंगात आली की कोणीतरी विचारणार, 'सिंह कधी येणार?' येणार नाही. या जंगलात एक तळं होतं आणि सगळा कारभार तळ्याकाठी चालायचा. आता हलू नका आणि ऐका.

पूर्वी इथले प्राणी कंदमुळं साठवायचे. कंद डोळ्यांना दिसतो, भूक लागली तर खाता येतो. किती मागासलेले होते बघा. मग जंगलात झुळूक आली आणि सगळे सुधारले.

झुळूक म्हणजे एक नाणं. ते दिसत नाही, वाजत नाही, चावता येत नाही. तळ्याकाठी जाऊन आपली किल्ली, म्हणजे ठरलेले गुप्त शब्द, म्हटली की पाण्यावर आपल्या झुळकांचा आकडा उमटतो, एवढंच. सकाळी एका झुळकेला टोपलीभर कंद मिळायचे, दुपारी एक कंद मिळायचा आणि संध्याकाळी नुसती टोपली. तरी सगळे खूश होते, कारण शेजारीही तेच करत होता.

किल्ली सांभाळायचा कंटाळा म्हणून बहुतेकांनी आपल्या झुळका वडावरच्या माकडांच्या पेढीत ठेवल्या होत्या. माकडं फार अदबीने बोलायची. एके सकाळी वड रिकामा दिसला. खोडावर पाटी होती, 'देखभालीसाठी पेढी बंद. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' माकडं खरंच दिलगीर असतील, आपण कशाला वाईट बोला.

आता आपला गोमाजी कोल्हा. माकडं पळाली तेव्हा त्याच्याकडे एकही झुळूक नव्हती. त्यामुळे तो वाचला, आणि वाचल्याचं त्याला फार वाईट वाटलं. सगळ्या जंगलाचं काही ना काही बुडालं आणि आपलं काहीच नाही, याला काय जगणं म्हणतात? म्हणून त्याने राहतं बीळ साळिंदराला विकलं. हे साळिंदर बिळांच्या खरेदी-विक्रीचाच धंदा करायचं. आलेल्या सगळ्या कंदांच्या गोमाजीने झुळका घेतल्या आणि बायकोला घेऊन करवंदीच्या जाळीखाली राहायला गेला.

बायकोचं नाव हौसाबाई. तिला दिवस गेले होते.

"अहो, पिल्लं कुठे ठेवायची?" तिने विचारलं.

"झुळूक जरा वर जाऊ दे. मग ओढ्याकाठचं ते दोन तोंडांचं बीळ घेऊ. साळिंदराशी बोललोय मी."

"आणि वर नाही गेली तर?"

"तू ना हौसा, फार नकारात्मक बोलतेस."

हौसाबाईच्या पाठीत करवंदीचे काटे टोचत होते, त्यामुळे ती तशीही फार सकारात्मक नव्हती.

माकडांच्या प्रकरणानंतर जंगलात सरडेसरांचं शिबिर सुरू झालं. 'नवख्यांसाठी कोरडी साठवण'. सरडेसर म्हणजे बाभळीवर बसणारा एक सरडा. झुळूक वर गेली की तो हिरवा व्हायचा, खाली आली की लाल. त्यामुळे त्याला या विषयातलं खूप कळतं, असं सगळे समजायचे.

"तळ्यात ठेवलेलं ते ओलं," सर म्हणाले. "ओल्यावर कोणाचाही हात पडतो. म्हणून किल्ली तळ्यापासून लांब, कोरड्यात ठेवायची. त्यासाठी ही दगडी डबी. माझ्याकडेच मिळते."

गोमाजीने डबी घेतली. डबीबरोबर त्याला बारा शब्दांची किल्ली मिळाली.

"डबी हरवली, फुटली, उंदराने नेली, तरी घाबरायचं नाही," सर म्हणाले. "हे बारा शब्द ओळीने तळ्याकाठी म्हणा. झुळका म्हणणाऱ्याच्या."

"आणि म्हणणारा मी नसलो तर?" गोमाजीने विचारलं.

"तर त्याच्या."

गोमाजीने आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं.

"म्हणून पहिला नियम," सर म्हणाले, "किल्ली बाहेरच्या कोणालाही सांगायची नाही. आता बोरं खाऊन या, मग पुढचे नियम."

बोरं खायला सगळे गेले. गोमाजी मात्र डबी छातीशी धरून थेट घरी पळाला. पुढचे नियम त्याने ऐकलेच नाहीत. ते असे होते: किल्ली दगडावर कोरून दोन वेगळ्या जागी पुरावी. आधी एकच झुळूक ठेवून ती परत काढून पाहावी, मगच बाकीच्या ठेवाव्यात. आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सगळं माहीत असावं. सल्ला अगदी बरोबर होता हो. सरड्याच्या तोंडून आला म्हणून काय झालं?

गोमाजीने आपल्या बुद्धीने कारभार केला. सगळ्या झुळका एकदम नव्या किल्लीत टाकल्या. किल्ली एका दगडावर कोरली. मग त्याच्या लक्षात आलं की दगडावर मुंगी आहे. मुंगीने वाचलं असेल तर? त्याने दगड घासून पुसला. झाडावर कोरावं तर सुतारपक्षी, मातीत लिहावं तर गांडूळ. शेवटी त्याने ठरवलं, किल्ली डोक्यात ठेवायची. माझं डोकं तळ्यापासून लांबच असतं.

"मला सांगून ठेवा," हौसाबाई म्हणाली. "उद्या तुम्हाला वाघाने नेलं तर मी पिल्लांना घेऊन या जाळीतच बसू का?"

"सर म्हणाले, कोणालाही नाही."

"मी कोणीही आहे?"

"तसं नाही गं. पण नियम म्हणजे नियम."

हौसाबाईने पुन्हा विचारलं, रडून विचारलं, जेवण न करता विचारलं. गोमाजी बधला नाही. तिला रडताना बघून त्याला वाईट वाटायचं, पण त्यातही त्याला आपल्या सुरक्षिततेचा अभिमान वाटायचा.

आता डोक्यात ठेवलेलं विसरतं. म्हणून गोमाजी दिवसभर मनात बारा शब्द घोळवायचा. खाताना तेच, चालताना तेच. हौसाबाईने 'पाय दुखतात' म्हटलं तरी तो फक्त मान डोलवायचा. बोलायला तोंड उघडलं आणि किल्ली बाहेर पडली तर?

इथे कोल्ह्यांची एक रीत सांगायला हवी. दिवस मावळला की सगळे कोल्हे तळ्यावरच्या टेकडीवर जमतात. एकजण कुई उचलतो आणि जे तो म्हणेल तेच बाकीच्यांनी म्हणायचं. का, ते विचारायचं नाही. एकदा सुरू झालेली कुई पलीकडच्या डोंगरावरचे कोल्हे उचलेपर्यंत थांबवायची नाही आणि मध्येच उठून जायचं नाही. सूट फक्त दिवस गेलेल्या कोल्हिणींना. त्या खाली तळ्याकाठी बसून राहतात.

गोमाजीने टेकडीवर जाणं बंद केलं. घसा बसलाय, म्हणाला. मग पाय मुरगळलाय, म्हणाला. शेवटी कळपातले सर्वांत वृद्ध कोल्हे, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते स्वतः जाळीपाशी आले.

"गोमा, तू कोल्हा आहेस ना?"

गोमाजीने मान डोलवली.

"मग कुई का नाही? माणसांत बसायला लागलास की काय? हे बघ, आज तू आला नाहीस तर कळप तुला वाळीत टाकणार. पिल्लांना तळ्यावरून हाकलतील, बारशाला कोणी येणार नाही."

हौसाबाईने त्याच्याकडे पाहिलं.  गोमाजी उठला.

टेकडीवर सगळा कळप जमला होता. खाली तळ्याकाठी हौसाबाई एकटीच बसली होती. बाभळीवर सरडेसर अंधार पडण्याची वाट बघत होते.

"आज कुई गोमा उचलेल," आबा म्हणाले. "इतक्या दिवसांची बाकी आहे त्याची."

गोमाजीने मनाशी ठरवलं, फक्त 'हुआ' म्हणायचं. बाकी एक अक्षर नाही. त्याने मान वर केली, डोळे मिटले, तोंड उघडलं. पण मुलांनो, ज्या डोक्यात कित्येक दिवस दुसरं काही शिरूच दिलेलं नाही, तिथून 'हुआ' कुठून येणार?

"जांभूऽळ, कासऽव, उंबरठाऽ, मीठ, वारूऽळ, चिखऽल," गोमाजीने सूर लावला, "आत्याऽ, टेकडीऽ, शेपूऽट, काजवाऽ, ताऽक, मंगळवाऽर."

 अशी कुई कोणी ऐकली नव्हती. पण रीत म्हणजे रीत. आबांनी मान वर केली आणि म्हणाले, "जांभूऽळ, कासऽव." मग सगळ्यांनी ती उचलली. गोमाजी ओरडत होता, 'थांबा, म्हणू नका', तर तेही कळपाने सुरात म्हणून टाकलं. पलीकडच्या डोंगरावर वारा उलटा होता, तिकडच्यांना नीट ऐकू जाईना. त्यामुळे अख्खी किल्ली पुन्हा पुन्हा, स्पष्ट उच्चारांत म्हणावी लागली.

शेवटी डोंगरावरून "मंगळवाऽर" आलं आणि कळप सुटला. तोवर ही किल्लीच आहे, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. तळ्याकाठी रांग लागली. आबा सर्वांत पुढे, वयाचा मान म्हणून. त्यांच्या पाठोपाठ धापा टाकत सरडेसर. त्यांचा रंग कुठलाच नव्हता.

आबांनी बारा शब्द म्हटले. पाण्यावर आकडा उमटला: शून्य.

सरांनी म्हटले. शून्य.

"मी फक्त तपासत होतो, सुरक्षित आहे का ते," सर म्हणाले.

गोमाजी सर्वांत शेवटी पोचला. त्याने आपलीच किल्ली म्हटली. शून्य पाहून तो चिखलात बसला आणि ढसाढसा रडला. बीळ गेलं, झुळका गेल्या, चार दिवसांत पिल्लं येतील आणि बायको काट्यांत झोपते आहे. हे सगळं त्याला आत्ता कळलं, आणि तेही एकदम.

"रडू नका," सर म्हणाले. "माझं पुढचं शिबिर घ्या. तुम्हाला सवलत देईन."

गोमाजी जाळीपाशी परतला. जाळी रिकामी होती. डबी तेवढी तिथे पडली होती. वास घेत घेत तो ओढ्याकाठी आला. दोन तोंडांच्या बिळात हौसाबाई पाय पसरून बसली होती. दारात साळिंदर आनंदाने काटे फुलवून निरोप घेत होतं.

"हे काय?" गोमाजीने विचारलं.

"काय म्हणजे? घेतलं. तुम्ही म्हणालात आणि मी खाली तळ्याकाठी म्हणून बघितलं. सगळ्या झुळका साळिंदराला दिल्या आणि तुमची कुई संपायच्या आत सौदा झाला."

"कोणाला विचारून?"

"विचारायला तुम्ही मोकळे कुठे होता?"

"अगं, पण किल्ली गुप्त होती."

"होती ना," हौसाबाई म्हणाली. "माझ्यापासून."

गोमाजी मग आत जाऊन तिच्या पायांशी बसला. तिने त्याला पाय चेपायला सांगितले.

तात्पर्य: आपली किल्ली बायकोला कधीही सांगू नये. सगळ्या जंगलाला ओरडून सांगावी. त्यात बायको आलीच.