हुसेनचाचांची बशी

हुसेनचाचा माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या हातात काठोकाठ चहा भरलेली बशी द्यायचे आणि म्हणायचे, "चल." या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत थेंब न सांडता गेला, तर माणूस पास. सांडला, तर चाचा पायाने फडकं पुढे सरकवायचे. "नापास! पूस आता."

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मलाही सोडलं नाही. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी गुपचूप बशी घेऊन मोरीपर्यंत गेले आणि परत आले. चहा हललासुद्धा नाही. चाचा आमच्या ह्यांना म्हणाले, "अरे, कंपनीने व्हिसा चुकीच्या माणसाला दिला. वेल्डर तर तुझ्या घरात आहे!"

चाचा राजापूरकडचे, सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत जुने वेल्डर. गावात त्यांचं घर होतं, पण घरात कुणी उरलं नव्हतं. दर शुक्रवारी नमाजानंतर आमच्याकडे चहाला यायचे.

इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि आमच्या कॅम्पातले निम्मे लोक घाबरून गावी गेले. त्यात वेल्डर जास्त. नवे कुणी यायला तयार नाहीत आणि प्लांटची मोठी दुरुस्ती तोंडावर आलेली. कॅम्प ओस पडल्यामुळे बावर्ची रशीद आणि शिंपी दत्ताराम नुसते बसून होते. सुपरवायझर मॅथ्यूसाहेबांनी त्यांना सांगितलं, दोन महिन्यांत वेल्डिंगची परीक्षा पास व्हा, नाहीतर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जमा करा आणि घरी जा. शिकवायचं काम चाचांकडे आलं.

"दत्ताराम, हा काय धावदोरा घातलास? लोखंडाला उलटी टीप लागते!"

"चाचा, सुई तरी दिसते. इथे डोळ्यांपुढे नुसता अंधार!"

रशीदला म्हणायचे, "ढवळू नको रे. बिर्याणी नाही ती, पाइप आहे. शेव पाडतोस तसा हात एकसारखा ने."

एकदा हल्ल्याचा भोंगा वाजला. चाचा ओरडले, "मास्क घाला!" विषारी वायूपासून वाचायला दिलेले मास्क कोपऱ्यात तसेच राहिले आणि दोघांनी वेल्डिंगचे मास्क तोंडावर ओढले. काळ्या काचेतून काही दिसेना, म्हणून एकमेकांचा हात धरून उभे! तो भोंगा तालमीचा होता म्हणून बरं. पुढे कितीतरी दिवस कॅम्पात कुणी 'मास्क' म्हटलं की लोक हसायचे.

एका शुक्रवारी हे पाठमोरे बसून रेडिओवर लढाईच्या बातम्या लावत होते. मी पडद्याआडून पाहिलं. चाचांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी तो दातांवर वाजत होता. ते स्वतः कधी बशीतून का पीत नाहीत आणि हात मागे बांधून का शिकवतात, ते तेव्हा मला कळलं. हात थरथरणाऱ्या वेल्डरला कंपनी ठेवत नाही. चाचांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून मी त्यांचा ग्लास अर्धाच भरू लागले.

रशीद आणि दत्ताराम पास झाले. त्या शुक्रवारी चाचांनी दोघांना आमच्याकडे आणलं, मॅथ्यूसाहेबही मिठाई घेऊन आले. गप्पा रंगल्या आणि साहेब म्हणाले, "सबका टेस्ट लिया चाचा ने. आज चाचा का टेस्ट! भाभी, फुल भरना."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचा हसत होते, पण त्यांचे हात मांडीखाली गेले होते.

मी बशी काठोकाठ भरली. बाहेर आले. चाचा दोन पावलांवर असताना मनगट वाकडं केलं. सगळा चहा गालिच्यावर.

"अगं, लक्ष कुठे आहे तुझं?" हे ओरडले.

चाचांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पायाने फडकं पुढे सरकवलं. "नापास गो पोरी, नापास! पूस आता."

सगळे हसले. त्या हसण्यात चाचांची परीक्षा राहूनच गेली.

निघताना चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तो कापत होता, आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही.