तिसऱ्या मजल्यावरचा पूर

अरबी समुद्रात चक्रीवादळ घोंगावू लागलं आणि बिबवेवाडीत श्रीधरपंत कामाला लागले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना मनासारखं संकट मिळालं नव्हतं.

सोसायटीचं आपत्ती प्रमुखपद त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं. ‘पाणी भरून ठेवा’ असा ग्रुपवर हुकूम सुटला. बिऱ्हाडांनी पार कढया-पातेलीसुद्धा भरली, तेव्हा गच्चीवरची टाकी दुपारीच कोरडी पडली.

मग त्यांनी घराकडे लक्ष दिलं. दाराबाहेर वाळूची पोती रचली. पुराचं पाणी मोरीतून उलटं येतं असं ऐकल्यामुळे मोरीत जुन्या चादरीचा बोळा ठोकून बसवला.

“अहो, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो,” हेमाताई म्हणाल्या.

“ते पुराला माहीत आहे का?”

आता उरली सुटका. संध्याकाळपर्यंत तळमजला रिकामा करण्याची घोषणा त्यांनी ग्रुपवर केली होती आणि तळमजल्यावर राहणारे मन्सूरभाई हलायला तयार नव्हते. एकही माणूस न वाचवता प्रमुखाने ग्रुपवर तोंड कसं दाखवायचं? आपल्या हॉलमध्ये मन्सूरभाईंसाठी गाद्या घालून पंत हेमाताईंना घेऊन खाली गेले. जाताना मोरीचा नळ उघडाच ठेवला. पाणी आलं की आवाजाने कळावं, ही त्या घरातली जुनी पद्धत. ऐकायला घरात कुणीतरी लागतं, एवढंच त्या दिवशी राहून गेलं.

मन्सूरभाईंचं बुधवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांना घाई माहीत नव्हती.

“श्रीधरराव, आधी पाऊस तर पडू द्या.”

“पडल्यावर उशीर होतो.”

सितारावहिनींनी चहा आणला, नानकटाई आणली. पंतांनी पुराचे धोके दोनदा समजावले. तेवढ्यात कुणीतरी पंप लावला, टाकी भरली, आणि बाहेर आभाळ स्वच्छ झालं.

हिरमुसून पंत वर आले आणि त्यांनी दार उघडलं. गाद्या तरंगत होत्या. मोरीने थेंब गिळला नव्हता, पोत्यांनी थेंब सोडला नव्हता.

हेमाताईंनी शांतपणे पाहिलं. “पोती मात्र छान बसलीत हो.”

रात्री दोघं तळमजल्यावर, मन्सूरभाईंच्या कोरड्या गादीवर टेकली. ग्रुपवर मन्सूरभाईंचा निरोप झळकला : ‘एका पूरग्रस्त कुटुंबाला सुरक्षित स्थळी हलवलं. प्रमुखांची मोहीम यशस्वी.’

पंतांनी जरा विचार केला आणि त्या निरोपाखाली अंगठा दिला.