अडचण नोंदवण्यात आली आहे

अमरावतीच्या राजापेठेत 'लोकसुगम सॉफ्टवेअर' नावाची कंपनी आहे. या कंपनीत 'पाळी' हा शब्द उच्चारायला कोणतीही बंदी नव्हती. बंदी घालायची तर परिपत्रक काढावं लागलं असतं, आणि परिपत्रकात तो शब्द लिहावा लागला असता. त्यामुळे कंपनी स्थापन झाल्यापासून सगळं सुरळीत चाललं होतं.

मग एका सोमवारी अकोल्याहून नुजहत आपा आल्या. त्या तिथे बायकांना धर्मशिक्षण देत. पर्समधून पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले आणि कंपनीचा मालक श्रेयस याला त्या म्हणाल्या, "बेटा, पाळीचं ॲप बनवायचंय. शरीयतच्या हिशेबानं. रमजानच्या आधी पाहिजे."

श्रेयसनं वर पंख्याकडे पाहिलं. पंखा व्यवस्थित फिरत होता.

आपांचं काम अगदी सरळ होतं. हैज म्हणजे नेहमीची पाळी. त्यात नमाज माफ, आणि रमजानमध्ये सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त लांबलं की तो इस्तिहाजा, म्हणजे एक प्रकारचं दुखणं, त्यात नमाज माफ नाही. आणि कुठे हे संपलं न् कुठे ते सुरू झालं, हे ठरतं त्या त्या बाईच्या नेहमीच्या सवयीवरून. बाईनं तारखा भराव्यात, ॲपनं उत्तर द्यावं. वाचता न येणाऱ्या बायांनी तोंडानं सांगावं, ॲपनं ऐकावं.

"आता काय होते," आपा म्हणाल्या, "हिशेब चुकला की बाई नवऱ्याले विचारते. नवरा भावाले विचारते, भाऊ मशिदीत जाऊन विचारते. जवाब येईपर्यंत अर्ध्या मोहल्ल्याले तिची तारीख मालूम होते. ते बंद करायचंय मले."

"तुमच्यात फारच नियम आहेत," श्रेयस सहानुभूतीनं म्हणाला.

"लिहून ठेवले हायेत, म्हणून दिसतेत. तुमच्यात?"

"आमच्यात तसलं काही नाही."

हे खरंच होतं. श्रेयसची बायको इशिता त्या दिवसांत देवघरात जात नसे, लोणच्याच्या बरणीला हात लावत नसे आणि कुंडीतल्या तुळशीवर तिची सावलीही पडू देत नसे. पण असं कर म्हणून तिला कोणी कधी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला नियम म्हणता येत नव्हतं.

कोपऱ्यात बसून टिपणं काढणारी रागिणी खोकली. ती अंजनगाव सुर्जीची, कंपनीतली एकुलती एक बाई, आणि ॲप प्रत्यक्षात तीच बनवणार होती. साहजिकच मीटिंगमध्ये तिला कोणी काही विचारलं नाही.

नियमांचा आराखडा रागिणीनं आपांशी फोनवर बोलून दोन-चार बैठकांत उरकला. घोडं अडलं ते शब्दावर. पडद्यावर लिहायचं काय? यासाठी भाषा-समिती नेमण्यात आली. अध्यक्ष म्हणून श्रेयसचे वडील मोरोपंत आले. त्यांची वकिलीत हयात गेली होती आणि शब्दांच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत.

"'पाळी' चालणार नाही," मोरोपंतांनी निकाल दिला. "मोबाईल लहान मुलांच्या हातात असतो."

'मासिक धर्म' सुचवला गेला. पण त्यात 'धर्म' आहे, आणि ॲप दुसऱ्या धर्माचं आहे, तेव्हा भावना दुखावतील, असं समितीचं मत पडलं. 'रजोदर्शन' ऐकून एका सदस्यानं दर्शनाची वेळ विचारली. 'कावळा शिवला' यावर कावळ्याचं चित्र टाकावं का, अशी चर्चा चहा येईपर्यंत चालली. आपांनी फोनवर सांगितलं, "हैज लिहा नाहीतर पाळी लिहा, दीनच्या, धर्माच्या गोष्टीत शरम नसते." समितीनं या सूचनेची आदरपूर्वक नोंद घेतली.

शेवटी मोरोपंतांनी घरचाच शब्द काढून दिला. "आमच्याकडे चार पिढ्या 'अडचण' म्हणतात. ऐकणाऱ्याला कळतं, आणि नाही कळलं तरी काही बिघडत नाही." ठराव एकमतानं संमत झाला. समितीत सगळे पुरुष असल्यामुळे मतभेदाचा प्रश्नच आला नाही.

"सर," रागिणी म्हणाली, "आपण हे जुन्या ॲपच्या सांगाड्यावर बनवून राहिलो. त्याच्यात 'अडचण' शब्द आधीच हाये."

"मग तर बरंच झालं," श्रेयस म्हणाला. "टायपिंग वाचलं."

जुनं ॲप एका नगरपालिकेसाठी केलेलं होतं. तुंबलेल्या नाल्या आणि बंद पडलेले दिवे यांच्या तक्रारी नोंदवण्यासाठी. तिथे 'अडचण' आली की पुढची यंत्रणा आपोआप हलत असे. रागिणी तेच सांगू पाहत होती, पण तोवर श्रेयस समितीला पायऱ्यांपर्यंत सोडायला गेला होता.

चाचणीसाठी अकोल्यातल्या काही बायांच्या मोबाईलवर ॲप टाकण्यात आलं. पहिल्या बाईनं तारीख भरली, तशी तिला पोच मिळाली: 'आपली अडचण नोंदवण्यात आली आहे. कर्मचारी लवकरच स्थळपाहणीसाठी येतील.' दुसरीला अडचणीचं छायाचित्र जोडण्याची सूचना आली. तिसरीला विचारणा झाली की ही अडचण तिच्या एकटीची आहे की संपूर्ण गल्लीची. चौथीचं दुखणं लांबलं होतं, आणि नमाज सुरू करायची की नाही एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तिला उत्तर गेलं: 'आपली अडचण विहित मुदतीत न बसल्याने निकाली काढण्यात येत आहे. समाधान न झाल्यास वरिष्ठांशी संपर्क साधावा.'

वरिष्ठ म्हणून खाली श्रेयसचा नंबर होता.

दिवसभर त्याचा फोन वाजत राहिला. बाया फोन करत, पलीकडे पुरुषाचा आवाज ऐकून ठेवून देत. संध्याकाळी चौथीच्या दिराचा फोन आला आणि त्यानं ठेवला नाही. जे बंद करायला आपा अमरावतीला आल्या होत्या, ते आता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात सुरू झालं होतं.

"बेटा," रात्री आपांनी विचारलं, "माह्या पोरी विचारून राहिल्या, पाहणीले कोण येणार हाये?"

श्रेयसला खरोखर लाज वाटली. पण चूक शब्दाची होती, आणि शब्द समितीचा होता. तो बदलायचा तर बैठक बोलवावी लागणार, बैठकीचा विषय कळवावा लागणार, आणि विषयात पुन्हा तोच शब्द. मोरोपंत म्हणाले, "विषयपत्रिकेवर 'अडचण' लिही." तसं लिहिलं. सदस्यांनी 'काही अडचणीमुळे येऊ शकत नाही' असं कळवलं.

रमजान तोंडावर आला. आपांनी सांगून टाकलं की शब्द बदलत नसेल तर काम नागपूरला जाईल. श्रेयसनं रागिणीला बोलावलं आणि पंख्याकडे पाहत म्हणाला, "तुला काय करायचं ते कर. फक्त मला सांगू नकोस."

रागिणीनं एका दुपारी सगळं बदललं आणि त्याला सांगितलं नाही.

उद्घाटनाला श्रेयसच्या आई ताराबाईंनी ऑफिसात सत्यनारायण घातला. दारातच त्यांनी रागिणीला हळूच विचारलं, "अडचण नाही ना काही?"

"पाळी हाये काकू. काल आली."

ताराबाईंनी कोणी ऐकलं का ते पाहिलं. ऐकलं सगळ्यांनीच होतं, पण सगळे पंख्याकडे पाहत होते. रागिणीची खुर्ची जिन्यात, चपलांच्या रांगेशेजारी, मांडण्यात आली. नुजहत आपांना मात्र आग्रहानं चौरंगाजवळची खुर्ची दिली. "आम्ही कोणताच भेद पाळत नाही," ताराबाई म्हणाल्या, आणि आपांच्या हातावर केळ्याचा प्रसाद ठेवला.

"ते पोरगी बाहेर काहून बसली?" आपांनी विचारलं.

"तिला हवा लागते," श्रेयस म्हणाला.

पूजा झाली, नारळ फुटला. भिंतीवर मोठ्या पडद्यावर ॲप उघडलं आणि मोबाईलमधून रागिणीचाच आवाज आला: "काय झालं ते सांगा."

श्रेयसनं पुढे होऊन, ओठ फारसे न हलवता म्हटलं, "अडचण."

"समजलं नाही. मोठ्यानं सांगा."

"अडचण," श्रेयस मोठ्यानं म्हणाला. मोरोपंतांनी वकिली आवाजात पुन्हा म्हटलं. समितीनं एकसुरात म्हणून पाहिलं. गुरुजींनी तर पोथी मिटून 'रजोदर्शन'सुद्धा म्हटलं. मोबाईलला काहीच समजलं नाही.

"आपा, तुम्हीच बोला," श्रेयस घाम पुसत म्हणाला.

"बनवणारीनं बोलावं. बोलवा तिले आत."

"ती आत नाही येऊ शकत. तिला... आज तिला..."

आपांनी जिन्याकडे पाहिलं, आणि आता त्यांना हवेचा प्रकार कळला. "आमच्यात या दिवसांत नमाज माफ हाये," त्या म्हणाल्या. "काम माफ नाही. आणि खुर्ची तर कोणीच उचलून नेत नाही."

सगळ्यांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. मग जिन्यातून, चपलांच्या रांगेपलीकडून, रागिणीचा आवाज आला. रागही होता त्यात आणि कंटाळाही. "पाळी आली."

"बरं," मोबाईल म्हणाला, आणि पडद्यावर तारखांचं पान उघडलं.

त्याच संध्याकाळी अकोल्याच्या त्या चौथ्या बाईनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आपली तारीख सांगितली, उत्तर ऐकलं आणि मगरिबच्या नमाजला उभी राहिली. दिराला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: 'महिलांच्या अडचणींवर ॲप, अमरावतीच्या युवकाची कामगिरी'. फोटोत श्रेयस होता, मोरोपंत होते, गुरुजी आणि फुटलेला नारळही होता. जिना फोटोत आला नव्हता.

'त्यांच्यात' कायकाय असतं बुवा, या कुतूहलानं ज्यांनी ही गोष्ट वाचायला घेतली, त्यांच्यासाठी कंपनीनं ॲप खुलं ठेवलं आहे. बसल्या जागेवरूनच, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तो शब्द एकदा म्हणायचा आहे. मोबाईल ऐकतो आहे.

समजलं नाही. मोठ्यानं सांगा.